यंत्रपरीक्षण आणि यंत्रदुरुस्ती : काठीहून पाहतां

ग्रंथाचें परीक्षण कसें करावें, याविषयीं मराठींत शंभराहून अधिक वर्षें वाद चालले आहेत. परीक्षकानें ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा, ग्रंथकाराची प्रतिष्ठा पाहूं नये, मुद्रणदोष मोजतां मोजतां मजकूर विसरूं नये, असे दंडक त्या वादांतून निघाले. आणि ते मोडणारे परीक्षकहि प्रत्येक पिढींत निघाले. परंतु सांप्रत सामान्य मनुष्य ज्या परीक्षणांच्या भरंवशावर पदरचा पैसा खर्च करतो, तीं पुस्तकांचीं नसून यंत्रांचीं असतात. कोणता संगणक घ्यावा, कोणत्या मोबाईलची बॅटरी अधिक वेळ टिकते, कोणत्या प्रिंटरची शाई परवडते, हें तो कांहीं वाचून, कांहीं ऐकून व चार शहाण्यांना विचारून ठरवितो. या परीक्षणालाहि आतां चाळीस वर्षांचा इतिहास आहे, तेव्हां त्यालाहि दंडक असावयास हवेत. ग्रंथपरीक्षणांतला पहिलाच दंडक येथें लावून पाहिला तर मोठी पंचाईत होते. यंत्राचें शेवटचें प्रकरण म्हणजे तें बंद पडतें आणि कोणीतरी तें उघडून पाहतो, तें. बहुतेक यंत्रपरीक्षकांनीं हें प्रकरण वाचलेलेंच नसतें. नवें यंत्र आठ-पंधरा दिवस वापरून ते अभिप्राय देतात, आणि पुढें त्या यंत्राचें काय झालें तें त्यांना कोणी विचारीत नाहीं.

हें शेवटचें प्रकरण ज्यांनीं वाचलें, त्या दुरुस्ती करणारांचा महाराष्ट्रांतील इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि त्याकडे मुंबई-पुण्याहून न पाहतां काठीहून पाहावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

काठी हें नंदुरबार जिल्ह्यांत, अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्यांतील मोलगीच्या बाजूचें गांव. इंग्रजी अमदानींत पश्चिम खानदेशांत जीं मेहवासी संस्थानें होतीं, त्यांपैकीं एक येथलें. संस्थान गेलें, पण त्याच्या नांवाची राजवाडी होळी अजून होते, आणि आसपासच्या डोंगरांतून भिल्ल स्त्री-पुरुष मोठ्या संख्येनें तिला येतात. रात्रभर ढोल वाजतो. कमरेला घुंगरें व वाळलेले भोपळे बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक नाचतात. आणि होळी पेटते ती पहाटे. संगणकाच्या गोष्टींत ही होळी कोठून आली, असें वाचक विचारतील. ती ढोलामुळें आली. ढोलाचें कातडें ओलसर हवेनें सैल पडलें म्हणजे वाजविणाराच तें विस्तवाजवळ धरून तापवितो, बोटानें आवाज पाहतो, आणि पुन्हां वाजवूं लागतो. वाद्य कसें आहे हें तो सांगूं शकतो, कारण तें कसें बिघडतें हें त्याला ठाऊक असतें. परीक्षक निराळा आणि दुरुस्त करणारा निराळा, अशी फोड तेथें झालेलीच नाहीं. यंत्रांच्या बाबतींत ती केव्हां झाली, हाच आपल्या विषयाचा ऐतिहासिक प्रश्न आहे.

आरंभीं ती आपल्याकडेहि नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं सन १८८८ मध्यें बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें; तेथें सायकली विकणें, त्या दुरुस्त करणें आणि लोकांना चालवावयास शिकविणें, हीं तिन्हीं कामें एकाच छपराखालीं चालत. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें त्याला गिऱ्हाईक मिळावयास दीर्घ काळ लागला. शेतकऱ्याची ती समजूत चुकीची होती, पण रीत चुकीची नव्हती: दुसऱ्याच्या शेतांत तो नांगर दोन-चार हंगाम चाललेला पाहिल्यावांचून तो विकत घ्यावयास तयार नव्हता. सन १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली, ती अशा गिऱ्हाइकाला पटवूनच.

मराठी मुलखांतला पहिला संगणकहि दुरुस्ती करणारांच्याच हातून जन्मास आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण अभियंत्यांच्या एका गटानें प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र बांधलें. तें सन १९५६ मध्यें चालूं लागलें. त्यांतल्या बहुतेकांनीं त्यापूर्वीं संगणक डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. त्यानंतरचें पूर्ण यंत्र सन १९६० मध्यें तयार झालें, आणि सन १९६२ मध्यें पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रेझिस्टर होते. स्मरणशक्ति ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे हिशेबानें १० किलोबाइट. आज मोबाईलवर काढलेलें एक छायाचित्र तिच्या शेंकडों पट जागा खातें. असें यंत्र चालविणें म्हणजे काय, हें एका साध्या त्रैराशिकानें कळेल. एका व्हॉल्व्हचें सरासरी आयुष्य पांच हजार तास धरलें, तरी २,७०० व्हॉल्व्हांपैकीं एखादा दर दोन तासांस मरावयाचा. म्हणून व्हॉल्व्हांवर भार कमी ठेवावा, दुबळा झालेला व्हॉल्व्ह मरण्यापूर्वींच ओळखून काढावा, आणि दोष कोणत्या कप्प्यांत आहे तें तत्काळ सांपडेल अशी मांडणी करावी, हें असल्या यंत्रांच्या रचनेचें अंगच होतें. दुरुस्ती हा येथें रचनेचा पहिला अध्याय होता, परिशिष्ट नव्हे.

फोड झाली ती भाड्याच्या यंत्रांनीं. आय.बी.एम. कंपनी आपलीं यंत्रें हिंदुस्थानांत बहुधा विकीत नसे; भाड्यानें देई. त्यांत इतर देशांत वापरून झालेलीं व पुन्हां नीट केलेलीं १४०१ जातीचीं यंत्रें पुष्कळ. यंत्र मालकाचें, म्हणून तें उघडण्याचा अधिकार मालकाच्या माणसाचा. भाडेकऱ्यानें कार्डें घालावीं, कागद काढावेत, आणि बिघाड झाला तर निरोप पाठवावा. ही व्यवस्था वाईट चाले असें नाहीं. कंपनीचे अभियंते तत्पर असत. पण यंत्र बिघडतें कसें, हें ज्ञान त्या दिवसापासून वापरणाराच्या हातून गेलें, आणि ज्याला तें ज्ञान नाहीं त्यानें यंत्राविषयीं मत देण्यास सुरुवात केली.

सन १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानें परदेशी कंपन्यांस आपला भागभांडवलाचा हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावयास सांगितलें. आय.बी.एम.ला तें मान्य झालें नाहीं आणि सन १९७८ मध्यें ती देश सोडून गेली. यंत्रें मात्र येथेंच राहिलीं: रेल्वेच्या, बँकांच्या, गिरण्यांच्या व सरकारी कचेऱ्यांच्या तळमजल्यांत. तीं चालवावयास सरकारनें आधींच, सन १९७५ मध्यें, एक कंपनी काढून ठेवली होती. तिचें नांव ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’. संगणक बनविण्यासाठीं नव्हे, विकण्यासाठीं नव्हे, केवळ दुरुस्तीसाठीं व देखभालीसाठीं सरकारनें महामंडळ स्थापावें, ही घटना आमच्या मतें आपल्या यंत्रेतिहासांत आहे त्याहून पुष्कळ मोठ्या अक्षरांत लिहिली जावयास हवी होती. तिच्या अभियंत्यांना एकाच कारखान्याच्या नव्हे, अनेक कारखान्यांच्या यंत्रांचा अभ्यास करावा लागला, आणि त्या अभ्यासाच्या बळावर तिनें पुढें रेल्वेच्या आरक्षणाची व्यवस्था उभारली. मात्र प्रतिष्ठा वाढली तसें नांव आंखडलें. कंपनी नुसती ‘सी.एम.सी.’ झाली, दुरुस्ती हा शब्द आद्याक्षरांत लपला. सन २००१ मध्यें ती टाटांकडे गेली व सन २०१५ मध्यें त्यांच्या मोठ्या कंपनींत विलीन झाली.

ज्या कंपनीनें वापरणाराच्या हातून पेचकस काढून घेतला, तिनेंच तो परत दिला, हा या इतिहासांतला विनोद. सन १९८१ च्या १२ ऑगस्टला आय.बी.एम.नें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला आणि त्याबरोबर तांत्रिक माहितीचा जो ग्रंथ विकला, त्यांत यंत्राचीं सर्व विद्युत्-रेखाचित्रें तर होतींच, पण यंत्र सुरू होतांना जी मूळ आज्ञावली चालते ती बायॉसहि ओळीन् ओळ छापलेली होती. ती जशीच्या तशी उचलणें कायद्यानें शक्य नव्हतें; पण तिचें काम करणारी निराळी आज्ञावली इतरांनीं लिहिली, आणि मग जगभर त्या संगणकाचीं जुळीं भावंडें निघालीं. भारतांत सन १९८४ च्या नोव्हेंबरांतील संगणक-धोरणानें आयातीचे निर्बंध सैल झाले. मुंबईंत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आतांचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांसाठीं पूर्वीपासूनच प्रसिद्ध होता. तेथें आतां मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क व कॅबिनेट मिळूं लागलीं, आणि ‘असेंबल्ड’ नांवाचा संगणक जन्मास आला. त्याला कारखाना नव्हता. त्याला जोडणारा होता, आणि जोडणाऱ्याला तो उघडतां येत असे. जळगांव, धुळें, नंदुरबार यांसारख्या गांवीं संगणक आला तो पुष्कळ अंशीं याच मार्गानें.

या कारागिरांची विद्या कोठें ग्रंथबद्ध झालेली नाहीं, म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबावेंसें वाटतें. बंद संगणक पुढें आला कीं जाणता मनुष्य प्रथम कांहीं उघडीत नाहीं. तो बटण दाबून ऐकतो. यंत्र स्वतःची तपासणी करतें, आणि जुन्या पद्धतीच्या यंत्रांत सर्व ठीक असल्यास एकदांच बीप वाजतें. रॅम नीट बसलेली नसेल किंवा पडद्याचें कार्ड सांपडत नसेल, तर बीपांची संख्या व लांबी बदलते. ती कशी, हें बायॉस कोणाची त्यावर अवलंबून. यंत्राची ही भाषा इंग्रजी नाहीं, मराठी नाहीं आणि भिल्लीहि नाहीं. ज्याला मोजतां येतें त्याला ती येते. पंखा फिरतो पण बीप नाहीं आणि पडदा काळा, अशी अवस्था असेल तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दांत पेन्सिलीच्या रबरानें घासावयाचे. मुंबईच्या दमट हवेंत किंवा खानदेशच्या धुळींत या दांतांवर पुटें चढतात, वीज पुढें जात नाहीं, आणि पांच रुपयांच्या रबरानें वीस हजारांचें यंत्र उठून बसतें. हा उपाय इतका साधा आहे कीं पुष्कळ गिऱ्हाइकांचा त्यावर विश्वास बसत नाहीं. म्हणून कित्येक कारागीर यंत्र एक दिवस ठेवून घेत, अशी त्या धंद्यांतली थट्टा आहे.

दुसरा प्रकार याहून फसवा. सुरू होतांच संगणकाचें घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलेलें दिसतें. वापरणाराचें तिकडे लक्ष जात नाहीं. तो म्हणतो, इंटरनेट बंद आहे. वस्तुतः मदरबोर्डावरील तीन व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी मेलेली असते. तारीख चुकल्यामुळें सुरक्षित संकेतस्थळांचीं प्रमाणपत्रें यंत्राला खोटीं वाटतात, आणि तें जोडणी नाकारतें. रोग एकीकडे आणि दुखतें दुसरीकडे, हें वैद्यकाप्रमाणें येथेंहि आहे. तिसरा प्रकार सन २००० च्या आसपासच्या काळांतला: त्या सुमारास जगांतील अनेक कारखान्यांच्या मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले गेले. दोन-तीन वर्षांत त्यांचीं डोकीं फुगत, कांहींतून तपकिरी चिकटा बाहेर येई, आणि संगणक वाटेल तेव्हां बंद पडे. परीक्षणाच्या वेळीं हीं सर्व यंत्रें उत्तम होतीं. दोष प्रथम पाहिला तो झांकण काढणारांनीं. आणि तोच कपॅसिटर डाग देऊन बदलला कीं बोर्ड पुन्हां चाले.

या सर्व विद्येचें सूत्र एकच: एका वेळीं एकच भाग बदलावा, तोहि चांगला असल्याची खात्री झालेला, आणि मग पाहावें. प्रयोगशाळेंत याला शास्त्रीय पद्धति म्हणतात. कंदिलाच्या उजेडांत केली म्हणून ती कमी शास्त्रीय होत नाहीं.

आतां छापील परीक्षणांकडे वळूं. ‘पी.सी. क्वेस्ट’ हें मासिक सन १९८७ मध्यें निघालें; मुंबईचें ‘डिजिट’ सन २००१ मध्यें. या मासिकांनीं दहा-पंधरा यंत्रें शेजारीं ठेवून, एकच आज्ञावली सर्वांवर चालवून, गुणांचीं कोष्टकें छापण्याची पद्धत आपल्याकडे रूढ केली. विक्रेत्याच्या शब्दापलीकडे ज्याला कांहींच आधार नव्हता, त्या मध्यमवर्गीय गिऱ्हाइकावर त्यांचे मोठे उपकार आहेत, हें मोकळेपणानें म्हटलें पाहिजे. पण कोष्टकांत मोजलें गेलें तें वेग; टिकाऊपणा मोजावयास काळ लागतो, आणि मासिकाला पुढला अंक असतो. पुढें सन २००७ च्या आयफोननें ग्राहकाला बॅटरी काढतां न येणारा मोबाईल प्रतिष्ठित केला. लॅपटॉपांतली रॅम बोर्डाला कायमची डागली जाऊं लागली, बॅटरी गोंदानें चिकटवूं लागले, आणि स्क्रूंचीं डोकीं अशीं झालीं कीं त्यांना बाजारांतला पेचकस लागूं नये. या काळांत यंत्रपरीक्षकांनीं बहुधा काय लिहिलें? यंत्र किती पातळ, किती हलकें, किती देखणें. जाडी मिलिमीटरच्या दशांशांत दिली जाई. तें उघडतां येतें कीं नाहीं याला रकानाच नव्हता. आमच्या मतें यंत्रपरीक्षणाच्या इतिहासांतला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो अज्ञानाचा नाहीं. ज्याच्या घरापासून दुरुस्तीचें दुकान अर्ध्या तासावर आहे, त्यानें लिहिलेलें तें परीक्षण होतें.

काठीपासून तें अर्ध्या तासावर नाहीं. म्हणून जीं यंत्रें मुद्दाम खेड्यांसाठीं म्हणून केलीं गेलीं, त्यांच्याकडे पाहूं.

पहिलें सन २००७ मधलें. रायगड जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांत, खैराट-धनगरवाडा येथें एकशिक्षकी मराठी शाळा. तेथील २२ मुलांना निकोलस नेग्रोपाँटे यांच्या योजनेंतले हिरवे-पांढरे ‘एक्स.ओ.’ लॅपटॉप मिळाले. भारत सरकारनें ती योजना आदल्याच वर्षीं नाकारली होती. त्यामुळें हा प्रयोग लहानच राहिला. शंभर डॉलरचा लॅपटॉप अशी त्याची ख्याति, प्रत्यक्ष किंमत जवळजवळ दुप्पट. पण यंत्र विचारपूर्वक केलेलें होतें. कळफलक रबराच्या अखंड पडद्याखालीं झांकलेला, म्हणजे धूळ व पाणी आंत जाऊं नये. फिरती हार्ड डिस्क नाहीं. पडदा असा कीं मागचा दिवा मालवला तरी उन्हांत वाचतां यावा. आणि आम्हांस सर्वांत आवडणारी गोष्ट ही कीं, तें साध्या चौफुलीच्या पेचकसानें उघडे, आणि हरवतील म्हणून जादा स्क्रू मुठींतच लपवून ठेवलेले होते. ज्यानें हे स्क्रू तेथें ठेवले, त्यानें शेवटचें प्रकरण आधीं वाचलेलें होतें. तरीहि दमट हवेंत व घामट बोटांखालीं त्याची स्पर्शपट्टी बहके, आणि पडद्यावरचा बाण वाटेल तिकडे उडे. हें सांगावयास मुलांचेच हात लागले. उरुग्वे देशानें हींच यंत्रें सरसकट सर्व सरकारी प्राथमिक शाळांत दिलीं, तेव्हां पुढें दुरुस्तीचीं फिरतीं पथकें शाळांकडे पाठवावीं लागलीं. यंत्र वांटण्याचा खर्च सर्वांनीं धरला होता. पथकांचा खर्च मागून सुचला.

दुसरें यंत्र ‘आकाश’. सन २०११ च्या ५ ऑक्टोबरला दिल्लींत त्याचें प्रकाशन झालें. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मरणशक्ति, सरकारला पडलेली किंमत सुमारें २,२७६ रुपये. शहरी परीक्षकांनीं त्याची यथेच्छ टवाळी केली, आणि ती वेगापुरती अन्याय्य नव्हती. परंतु खरा वाद परीक्षणाच्या कोष्टकांत नव्हता. यंत्र तपासून घेण्याचें काम राजस्थानच्या आय.आय.टी.कडे होतें, तिनें लष्करी धर्तीच्या कसोट्या लावल्या, तासाला चार इंच पावसांतहि यंत्र टिकावें असा आग्रह धरला, अशी पुरवठादाराची तक्रार वृत्तपत्रांतून गाजली. एवढ्या किंमतींत असली अपेक्षा कशी करावी, असें पुष्कळांनीं त्याच्या बाजूनें लिहिलें. पुढें काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आलें, आणि सुधारलेलें ‘आकाश २’ सन २०१२ च्या ११ नोव्हेंबरला राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें बाहेर पडलें. पण पावसाच्या त्या कसोटीची थट्टा करणारांनीं श्रावणांत सातपुड्याची एक चढण पायीं चढून पाहावयास हवी होती. दप्तर पाठीवर, वर घोंगडी किंवा प्लास्टिकचा कागद, मध्यें ओढा: तेथें ती कसोटी लष्करी नाहीं, ती शाळेच्या वाटेची आहे. स्वस्त यंत्राला ती लावणें योग्य होतें कीं नाहीं, यावर मतभेद होऊं शकतो. पण खेड्यांतल्या विद्यार्थ्यासाठीं म्हणून केलेल्या यंत्राची कसोटी खेड्यांतली असावी, हें सांगणारावर हंसण्याचें कारण नव्हतें.

‘आकाश’च्या पहिल्या पडद्यावर नखानें दाबावें लागे, दुसऱ्याचा पडदा बोटाच्या ओझरत्या स्पर्शानें चाले. शहरांत ही सुधारणा ठरली. तो पडदा त्वचेंतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युद्भारावर चालतो. घट्टे पडलेल्या, कोरड्या किंवा ओल्या बोटाला तो नीट ओळखीत नाहीं. कोयता व कुऱ्हाड चालविणाऱ्या हाताला नखाचा जुना पडदाच पुष्कळदां अधिक सोयीचा.

हाताचा हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यांत आणखी एका यंत्रानें उभा केला, आणि तेथें तो सोयीचा राहिला नाहीं. सन २०१० च्या २९ सप्टेंबरला शहादा तालुक्यांतील टेंभली या गांवीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत देशांतले पहिले आधार-क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांचीं बुबुळें आणि बारा आंकडे. क्रमांक देतांना दहाहि बोटें घेतलीं जातात. पण पुढील दशकांत शिधावाटपाच्या दुकानांत जीं यंत्रें आलीं, तीं एकावेळीं एकच बोट मागतात. ठसा म्हणजे त्वचेवरील उंचवट्यांची नक्षी. शेतांत, दगडांत, वीटभट्टींत राबणाऱ्या माणसाची ती नक्षी झिजते. म्हातारपणीं ती उथळ होते. यंत्राची कांच धुळीनें मळली, नेटवर्क गेलें, तरी परिणाम एकच: पडद्यावर नकार येतो. संगणक बिघडला तर काम खोळंबतें. येथें धान्य खोळंबतें. यावरील उपायहि कारागिराच्याच पद्धतीचे आहेत: कांच पुसावी, बोट ओलसर फडक्यानें पुसून पुन्हां ठेवावें, दुसरें बोट लावून पाहावें, तेंहि न जमल्यास बुबुळ किंवा मोबाईलवर येणारा अंक वापरावा. पण हे उपाय दुकानदाराला ठाऊक असले आणि त्याला ते करावेसे वाटले, तरच. नेहमींच्या यंत्रपरीक्षणांत यंत्र चुकलें तर यंत्राला दोष दिला जातो; या एका यंत्राच्या बाबतींत मनुष्याचा अंगठा ‘जुळत नाहीं’ असें म्हणतात.

विजेचा प्रश्न यांहून जुना. स्टॅबिलायझर, यू.पी.एस. व अर्थिंग यांवर परीक्षकांनीं लिहिलेले परिच्छेद ज्या गांवांत वीज येऊन-जाऊन असते त्यांच्यासाठीं. जेथें ती आलीच नाहीं तेथें परीक्षण तारेपासूनच करावें लागतें. शेजारच्या धडगांव तालुक्यांत बिलगांव येथें सन २००३ मध्यें उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचें एक लहान जलविद्युत् केंद्र उभें राहिलें. नर्मदा बचाव आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनीं, केरळांतील तरुण अभियंत्यांच्या मदतीनें आणि गांवकऱ्यांच्या श्रमदानानें तें उभारलें. दगडी बांध घातला, पाणी कालव्यानें नेलें, टर्बाईन बसविलें, आणि पाड्यांतून दिवे लागले. केंद्र चालविण्याची व सांभाळण्याची विद्या गांवांतल्या मुलांनींच शिकून घेतली होती. ढोल आणि ढोलकरी यांची जी गोष्ट वर सांगितली, ती येथें टर्बाईनच्या बाबतींत घडून आली. सन २००६ मध्यें सरदार सरोवराच्या फुगवट्याचें पाणी चढलें आणि केंद्र त्यांत गेलें. हा बिघाड गांवांतल्या कोणाला दुरुस्त करतां येण्याजोगा नव्हता.

यानंतरच्या काळांत परीक्षणाच्या रीतींत जो बदल झाला, तो मासिकांनीं नव्हे, कायद्यानें केला. फ्रान्सनें सन २०२१ च्या १ जानेवारीपासून मोबाईल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी इत्यादि वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकीं गुण छापणें सक्तीचें केलें. माहितीपत्रकें मिळतात कीं नाहीं, यंत्र किती सहज उघडतें, सुटे भाग किती वर्षें मिळतील, आणि त्यांची किंमत नव्या यंत्राच्या मानानें किती, हे त्यांतले मुख्य रकाने. युरोपीय संघानें सन २०२५ च्या २० जूनपासून मोबाईल व टॅबलेटवर जें पत्रक लावावयास लाविलें, त्यांत दुरुस्तीच्या श्रेणीबरोबर यंत्र किती वेळां पडून टिकतें, धूळ-पाण्यांत किती तगतें आणि बॅटरी किती वेळां भरतां येते, हेंहि छापावें लागतें. म्हणजे चौदा वर्षांपूर्वीं ‘आकाश’च्या वादांत जी अपेक्षा हास्यास्पद ठरली होती, ती श्रीमंत गिऱ्हाइकाच्या हक्कांत जमा झाली. भारतांत ग्राहक व्यवहार विभागानें सन २०२२ च्या जुलैमध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनीं, त्यासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. शेतीचीं अवजारें, मोबाईल, घरगुती उपकरणें व मोटारी असे चार विभाग त्यासाठीं प्रथम निवडले गेले. पाऊल योग्य दिशेनें पडलें आहे, हें मान्य करण्यास आम्हांस कांहींच अडचण नाहीं. अवजारें व मोबाईल एका यादींत आले, हें तर विशेष योग्य. किर्लोस्करांचा शेतकरी दोहोंविषयीं एकच प्रश्न विचारता.

परंतु पॅरिसचें कोष्टक पॅरिसच्या अंतरांवर बेतलेलें आहे. सुटा भाग मिळतो एवढें त्यांत लिहिलें म्हणजे झालें. तो आणावयास किती दिवसांची मजुरी बुडते, असा रकाना त्यांत नाहीं, आणि तेथें त्याची गरजहि नसेल. आपल्याकडे कोणी असें कोष्टक करावयास बसेल, तर त्यानें यंत्रें घेऊन एक पावसाळा काठीच्या बाजूस काढावा. दर यंत्रापुढें पांचच गोष्टी लिहाव्या: पावसांत भिजल्यावर तें सुरू झालें कीं नाहीं, घट्ट्यांच्या हातांना त्याचा पडदा ओळखतो कीं नाहीं, वीज दोन दिवस नसली तर काय होतें, बिघडल्यावर तें कोठवर न्यावें लागलें व जाऊन-येऊन किती दिवस मोडले, आणि तें उघडावयास लागणारा पेचकस मोलगीच्या बाजारांत मिळतो कीं नाहीं.